दिवसभर राबतो, मग धावायचे कशाला?

पहाटे पाचच्या सुमारास तालुक्याच्या कोणत्याही सडकेला जाऊन उभे राहा. अंधारातून पावलांचा आवाज येतो, मग चार-सहा पोरे धापा टाकत समोरून जातात. मागोमाग दोन-तीन मुली, ओढण्या कमरेला घट्ट बांधलेल्या. भरतीची तयारी चाललेली असते. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावून दाखवावे लागते, आणि तिथे एकेका सेकंदाला किंमत असते. पारावर बसलेले आबा मात्र म्हणतात, "अंगात एवढी रग आहे तर चार वाफे खुरपा म्हणावं!"

भरती होऊन गेली की सडक पुन्हा सुनी होते. ज्याची निवड झाली तो धावणे थांबवतो, ज्याची हुकली तोही थांबवतो. धावणे म्हणजे नोकरीच्या दाराची शिडी, एवढीच आपल्या गावात त्याची ओळख आहे. चाळिशीचा एखादा गृहस्थ उगाच धावताना दिसला, तर लोक विचारतील, "काय हो अण्णा, घरी सगळे ठीक आहे ना?"

वाचकहो, तुमच्याही मनात हाच प्रश्न येईल. शेतकऱ्याला व्यायाम कशाला? त्याचा व्यायाम तर शेतातच होतो. शहरातल्या खुर्चीवर बसणाऱ्यांनी खुशाल धावावे. ही समजूत अगदीच खोटी नाही. एके काळी ती जवळजवळ पूर्ण खरी होती. पण आज ती किती खरी उरली आहे, हे पाहण्यासाठी आधी थोडे लांब, थेट लंडनला जाऊन यावे लागेल. व्यायाम आणि हृदयविकार यांचा संबंध पहिल्यांदा मोजून दाखवला गेला तो तिथल्या बसगाड्यांत.

दुसरे महायुद्ध संपले होते आणि इंग्लंडात हृदयविकाराच्या झटक्याने माणसे पटापट दगावू लागली होती. कारण कोणालाच उमगत नव्हते. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरची माणसे तपासायला घेतली. त्यांची युक्ती साधी होती. ड्रायव्हर आणि कंडक्टर एकाच गाडीवर, एकाच वस्तीतले, जवळपास एकाच पगारातले. फरक एवढाच, की ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर दिवसभर जिना चढत-उतरत. कंडक्टरच्या रोज पाचशे ते साडेसातशे पायऱ्या होत. आपल्या एस.टी.च्या कंडक्टरला हा लाभ नाही, त्याच्या गाडीला वरचा मजलाच नसतो! सुमारे ३१ हजार माणसांची ही पाहणी १९५३ साली प्रसिद्ध झाली. ड्रायव्हरांच्या मानाने कंडक्टरांना हृदयविकार बराच कमी होता आणि ज्यांना झाला त्यांच्यातही तो उशिरा व सौम्य होता. मग मॉरिस यांनी टपालखाते पाहिले. पायी किंवा सायकलीवरून टपाल वाटणारे पोस्टमन एकीकडे, टेबलामागचे कारकून दुसरीकडे. तिथेही तेच.

मॉरिस हा मोठा चिकित्सक माणूस. आपल्याच निष्कर्षावर त्यांनी शंका घेतली. मुळात जाड माणसेच ड्रायव्हर होत असतील तर? हे पाहण्यासाठी त्यांनी गणवेशाच्या नोंदी काढल्या आणि विजारींच्या कमरेची मापे तपासली. ड्रायव्हरांच्या विजारी खरोखरच घेराने मोठ्या निघाल्या. म्हणजे सगळे श्रेय जिन्याला देता येईना. म्हणून पुढे त्यांनी सरकारी कचेऱ्यांतले कारकून घेतले. काम सगळ्यांचे बसूनच. त्यांच्यापैकी जे फावल्या वेळात दम लागेल असा व्यायाम करत, त्यांना हृदयविकार कितीतरी कमी झाला. स्वतः मॉरिस २००९ साली वारले, तेव्हा त्यांची शंभरी अवघ्या काही महिन्यांवर आली होती.

आता तुम्ही म्हणाल, हे तर आमच्याच बाजूचे झाले. पोस्टमन चालतो तसा आम्हीही चालतो.

चालत होतो, हे म्हणणे अधिक बरोबर होईल. एक हिशेब करून पाहू. बैलांच्या नांगराचा तास नऊ इंच रुंद धरा. चाळीस गुंठ्यांचा एक एकर नांगरायचा, तर नांगरामागे सुमारे अठरा किलोमीटर चालावे लागते. तेही ढेकळांतून, रुमणे दाबत. त्यानंतर वखराची पाळी, मग पेरणी, मग कोळपणी, म्हणजे त्याच रानात पुन्हा पुन्हा चाल. शिवाय पाणंदीने शेतात जाणे-येणे, पाणी धरायला रात्री जाणे, बाजाराला पायी. तुमच्या आजोबांना कोणी "व्यायाम करा" म्हटले असते तर त्यांनी त्याला वेड्यात काढले असते, आणि ते योग्यच होते.

आज तोच एकर ट्रॅक्टर तास-दीड तासात नांगरतो आणि शेतकरी बांधावर उभा असतो. शेतात मोटारसायकलीने जायचे. विहिरीवरची मोटार घरबसल्या मोबाइलवरून चालू करायची. ठिबक आल्यापासून बारी द्यायला रानभर हिंडणे नाही. हे वाईट झाले असे कोण म्हणेल? कंबरडे मोडणारे कष्ट कमी झाले, ते बरेच झाले. पण हृदयाला मिळणारी मुकाट चाकरी त्याबरोबर गेली, आणि तिच्या जागी आपण काहीच ठेवले नाही. वर्षातून एकदा आळंदीहून पंढरीला दोनशेहून अधिक किलोमीटर चालणारे माळकरी बाकीचे वर्ष एस.टी.च्या थांब्यापर्यंत जायला मुलाला गाडी काढायला लावतात, हे आपण पाहतोच.

जुन्या पद्धतीने शेती करणारी माणसे आजही आहेत, आणि त्यांची हृदये शास्त्रज्ञांनी तपासली आहेत. दक्षिण अमेरिकेत बोलिव्हिया नावाचा देश आहे. तिथल्या जंगलात चिमाने नावाचे आदिवासी राहतात. थोडी शेती, थोडी शिकार, थोडी मासेमारी. पुरुष दिवसाचे सहा-सात तास हालचालीत असतात. त्यांच्यातल्या सातशेवर माणसांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांची चित्रे यंत्राने काढली गेली आणि निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. शंभरातल्या पंच्याऐंशी जणांच्या रक्तवाहिन्यांत चुन्याचा थर औषधालाही नव्हता. तिथल्या ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याच्या रक्तवाहिन्या पन्नाशी ओलांडलेल्या अमेरिकी माणसासारख्या होत्या. त्यांचे खाणेही साधे असते, म्हणून सगळे श्रेय पायांना देऊ नये. पण अर्धे तरी द्यायला हरकत नाही.

"तरी पण आम्ही पोती उचलतो, फवारणीचा पंप पाठीवर घेतो, बायका दिवसभर वाकून खुरपतात, ते काय झाले?" हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर जरा नाजूक आहे. डेन्मार्कमधील संशोधक आंद्रेयास होल्टरमान यांनी गेली काही वर्षे हाच विषय लावून धरला आहे. त्यांचे म्हणणे असे. ओझे उचलताना माणूस श्वास रोखतो आणि रक्तदाब एकदम वर चढतो. तासन् तास वाकून राहिल्याने स्नायू आखडून राहतात, त्यांतून रक्त मोकळे खेळत नाही. असे काम आठ-दहा तास चालते, मध्ये विसावा नसतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. व्यायामात याच्या उलट असते. अर्धा तास हृदय जोरात चालते, मग उरलेला दिवस त्याला भरून काढायला मिळतो. अनेक देशांतल्या पाहण्या एकत्र करून २०१८ साली असे दिसले, की फार अंगमेहनतीचे काम करणाऱ्या पुरुषांत अकाली मृत्यूचे प्रमाण हलक्या कामाच्या पुरुषांपेक्षा १८ टक्क्यांनी जास्त होते. सगळे शास्त्रज्ञ हे मान्य करत नाहीत, हेही सांगायला हवे. नॉर्वेत २०२१ साली झालेल्या मोठ्या पाहणीत शिक्षण, विडी-सिगारेट वगैरे गोष्टी जमेस धरल्यावर उलट चित्र दिसले आणि मेहनती पुरुष जास्त जगलेले निघाले. भांडण अजून मिटलेले नाही. पण एवढे दोन्ही बाजू मानतात, की अंग दुखणे आणि हृदय बळकट होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संध्याकाळी अंग मोडून आले, म्हणजे हृदयाचा व्यायाम झालाच, असे धरून चालू नये.

आता आपल्या घराकडे येऊ. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. देशात दहा कोटींहून अधिक माणसांना मधुमेह आहे. शहरांत प्रौढांपैकी १६.४ टक्के, तर खेड्यांत ८.९ टक्के. वाचून बरे वाटते, खेडे सुखात आहे! पण मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांचे प्रमाण खेड्यात आणि शहरात जवळजवळ सारखेच निघाले. म्हणजे शहर पुढे गेले आहे आणि खेडे त्याच वाटेने मागून येते आहे. रक्तदाब तर देशात दर तीन प्रौढांमागे एकाला आहे, आणि त्यातल्या पुष्कळांना तो आहे याची खबरही नाही.

"पण मी तर काटकुळा आहे" असे म्हणून सुटता येत नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या गोष्टीवर हयातभर काम केले आहे. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या शेतकरी आया आणि त्यांची बाळे यांचा त्यांनी मागोवा घेतला. आपली बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडातली साडेतीन किलोची. बाळ एवढे लहान, पण कमी पडले होते ते मांस. अंगावरची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. ही ठेवण पुढे मोठेपणीही राहते. हाताने-पायाने बारीक, पण पोटात चरबी. याचे एक गमतीदार उदाहरण डॉ. याज्ञिकांनी स्वतःवरूनच दिले. २००४ साली त्यांनी आणि त्यांचे लंडनचे मित्र डॉ. जॉन युडकिन यांनी आपली मापे छापली. दोघांचे उंचीच्या मानाने वजन अगदी सारखे. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! त्यात एक गोष्ट त्यांनी हसत हसत नोंदवली होती. युडकिन मॅरेथॉन धावत, आणि याज्ञिकांचे धावणे म्हणजे सकाळी इस्पितळाच्या लिफ्टचे दार बंद होण्याआधी गाठण्यापुरते.

तेव्हा धावल्याने शरीरात नेमके काय होते, ते समजून घेऊ. हृदय हा स्नायूचा पंप आहे. रोज थोडा वेळ त्याला जोरात चालवले, की काही आठवड्यांत तो एका ठोक्याला जास्त रक्त फेकू लागतो. मग विसाव्याच्या वेळी त्याला कमी ठोके पुरतात. एरवी मिनिटाला सत्तर-पंचाहत्तर ठोके पडतात, ते साठ-पासष्टावर येतात. मिनिटाला दहा ठोके वाचले, तर दिवसाला चौदा हजार चारशे ठोके वाचले. इकडे मांडीच्या व पोटरीच्या स्नायूंत केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे दाट होते, म्हणजे पोटचाऱ्या वाढल्या असे समजा. आणि काम करणारा स्नायू रक्तातली साखर इन्शुलिनच्या मदतीवाचूनही ओढून घेतो. हा गुण धावणे थांबल्यावरही एक-दोन दिवस टिकतो, मग ओसरतो. म्हणून मधुमेहाच्या माणसाने सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा करू नये, असे डॉक्टर सांगतात. रक्तदाबही नेमाने पाच-सात अंकांनी उतरतो. मात्र गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत, हे पक्के ध्यानात ठेवा.

किती धावावे? अमेरिकेतील डॅलस शहरात ५५ हजार स्त्री-पुरुषांची सरासरी पंधरा वर्षे नोंद ठेवली गेली आणि ती २०१४ साली प्रसिद्ध झाली. धावणाऱ्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू न धावणाऱ्यांपेक्षा ४५ टक्क्यांनी कमी होते आणि सगळ्या कारणांनी होणारे मृत्यू ३० टक्क्यांनी कमी. खरी बातमी पुढेच आहे. जे रोज जेमतेम पाच-दहा मिनिटे, तेही सावकाश धावत, त्यांनाही जवळजवळ तेवढाच लाभ झाला. फार धावणाऱ्यांना त्याहून फार मोठे घबाड मिळाले नाही. अर्थात धावायला निघणारा माणूस मुळातच जरा धडधाकट असतो, म्हणून हे आकडे थोडे हातचे राखून घ्यावेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेले प्रमाण आठवड्याला दीडशे मिनिटे झपाझप चालण्याचे किंवा पंचाहत्तर मिनिटे धावण्याचे आहे. दिवसाचे झाले अकरा मिनिटे. डेअरीत दूध घालायला रांगेत उभे राहतो त्याहून कमीच.

"आता या वयात काय उपयोग?" असे पन्नाशीच्या लोकांना वाटते. त्यांच्यासाठी डॅलसचाच आणखी एक प्रयोग सांगतो, आणि मला स्वतःला तो या विषयातला सर्वांत मोलाचा वाटतो. १९६६ साली तिथे वीस वर्षांच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे खाटेवर नुसते झोपवून ठेवले. उठायचे नाही, चालायचे नाही. तीन आठवड्यांनी त्यांचा दम मोजला, तर तो चौथ्या हिश्शाहून अधिक घटला होता. तीस वर्षांनी, १९९६ साली, त्याच पाच जणांना पुन्हा बोलावले. आता ते पन्नाशीचे, पोटे सुटलेली. पुन्हा दम मोजला. तीस वर्षांच्या वयाने त्यांचे जेवढे नुकसान केले होते, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांच्या खाटेने केले होते! मग त्यांना सहा महिने हळूहळू वाढवत चालायला, धावायला, सायकल चालवायला लावले. सहा महिन्यांनी त्यांचा दम विसाव्या वर्षी, खाटेवर जाण्याआधी होता, तिथे परत आला. आपल्याकडे दुखण्यातून उठलेल्या माणसाला "पडून राहा, हलू नका" असे प्रेमाने बजावणाऱ्या घरच्यांनी हे वाचून ठेवावे. डॉक्टरांनी उठायला परवानगी दिली की उठवा, चार पावले चालवा.

गुडघ्यांची भीती फार मोठी आहे. "धावून वाट्या झिजतात" हे वाक्य प्रत्येक गावात कोणी ना कोणी बोलतेच. सांध्यातली कूर्चा म्हणजे लोखंडी बेअरिंग नव्हे, की फिरले तेवढे झिजले. ती जिवंत असते. तिला रक्तवाहिनी नसते. दाब आला की ती पिळली जाते, दाब गेला की भोवतीचा द्रव शोषून घेते आणि त्यातूनच पोसते. हालचाल हेच तिचे अन्न. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात १९८४ पासून पन्नाशी ओलांडलेल्या धावपटूंवर जवळजवळ दोन दशके नजर ठेवली गेली. त्यांचे गुडघे न धावणाऱ्यांपेक्षा जास्त झिजलेले निघाले नाहीत. उठणे-बसणे, कपडे घालणे, चालणे यांत येणारा अधूपणा त्यांना पुष्कळ वर्षे उशिरा आला. एकोणीस वर्षांत न धावणाऱ्यांतले ३४ टक्के वारले, धावणाऱ्यांतले १५ टक्के. गुडघ्याचे खरे वैरी म्हणजे वाढलेले वजन आणि जुनी दुखापत. ज्याचा गुडघा आधीच सुजतो किंवा अडकतो, त्याने मात्र धावण्याच्या फंदात न पडता चालावे.

सुरुवात कशी करावी? अगदी बेताने. पहिले दोन आठवडे नुसते अर्धा तास झपाझप चाला. मग एका विजेच्या खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत हळू धावा, पुढचे तीन खांब चाला, पुन्हा एक खांब धावा. आठवड्या-आठवड्याने धावण्याचे खांब वाढवा. वेग किती, याला घड्याळ लागत नाही. धावता-धावता सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता यावे, पण अभंग म्हणता येऊ नये. अभंग म्हणता आला तर फार हळू चालले आहे, आणि शब्द तुटत असतील तर फार जोरात. डांबरी सडकेपेक्षा मुरमाची वाट किंवा शाळेचे मैदान बरे. सडकेनेच जावे लागले तर उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असे, आणि अंगात पांढरा सदरा घालून. बायकांना पहाटे घराबाहेर पडणे सोपे नसते, हे मान्य. चार जणींनी मिळून निघावे. सासूबाईंनाही बरोबर घ्यावे, म्हणजे घरातून विरोध उरत नाही! आणि तेवढा अर्धा तास चूल कोणी सांभाळायची, हे घरातल्या पुरुषांना ठरवू द्यावे.

भरतीच्या मुलामुलींसाठी दोन शब्द निराळे. त्यांची चूक बहुधा आळसाची नसते, घाईची असते. जाहिरात निघाली की जे पोर महिनाभर धावलेले नाही ते पहिल्याच दिवशी पाच किलोमीटर धावते. दम दोन-तीन आठवड्यांत वाढतो. हाडे आणि स्नायूंच्या शिरा यांना बळकट व्हायला महिने लागतात. म्हणून पंधरा-वीस दिवसांत नडगी दुखू लागते. तेल चोळून, पट्टी बांधून तशीच धाव चालू ठेवली, तर कधी कधी नडगीच्या हाडाला बारीक चीर पडते आणि ऐन चाचणीच्या दिवशी घरी बसावे लागते. एका बोटाने दाबल्यावर एकाच जागी कळ येत असेल, तर धावणे थांबवून डॉक्टरांना दाखवा. आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण विश्रांती घ्या. जाहिरात येण्याची वाट न पाहता वर्षभर थोडे-थोडे धावत राहणारा पोरगा शेवटी पुढे जातो. ताकदीच्या नावाने कोणी इंजेक्शन किंवा डब्यातली पूड देऊ लागले, तर त्याच्या वाटेलाही जाऊ नका.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. प्राणवायू वाहून नेतात त्या रक्तातल्या तांबड्या पेशी, आणि त्याच कमी असतील तर पोरीने कितीही जीव तोडला तरी ८०० मीटरला तिची वेळ सुधारत नाही. घरचे म्हणतात, हिच्यात दम नाही. दम असतो, रक्त नसते. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्या आणि दिलेल्या लोहाच्या गोळ्या पुऱ्या करा. जेवणात पालेभाजी, मटकी, लिंबू असू द्या. जेवणाबरोबर चहा नको, तो लोह शोषू देत नाही. आणि धावायला लागल्यावर पाळी बंद झाली, तर ती चांगल्या तयारीची खूण नव्हे. पोटाला अन्न कमी पडते आहे, असा त्याचा अर्थ असू शकतो. अशा मुलीला डॉक्टरांकडे न्या आणि तिचे ताट वाढवा.

शेतकऱ्याच्या पोरांत धावणे मूळचेच आहे, हे सांगायला नवा पुरावा नको. १९१९ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत शेतावरची अनवाणी पोरे धावताना सर दोराबजी टाटांनी पाहिली आणि त्यांना ऑलिंपिकला पाठवण्याचे त्यांच्या मनाने घेतले. १९२० साली अँटवर्पला गेलेल्या त्या चमूतला बेळगावचा फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावा आला. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत धावली. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी सहा किलोमीटरवरच्या शाळेत पायी नाहीतर धावत जाई. त्याने २०२३ साली हांगझौच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक आणले. सगळ्यांना पदके मिळत नाहीत, ती मिळवायचीही नाहीत.

धावताना माणूस मेल्याच्या बातम्या ऐकून काहींना धास्ती वाटते. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन आणि अर्ध्या मॅरेथॉनमध्ये सुमारे एक कोटी नऊ लाख माणसे धावली. त्यांतल्या ५९ जणांचे हृदय बंद पडले. धोका अगदी लहान आहे, पण शून्य नाही. म्हणून चाळिशी ओलांडलेल्यांनी, मधुमेह वा रक्तदाब असलेल्यांनी, विडी-तंबाखूची सवय असलेल्यांनी आणि ज्यांच्या वडिलांना वा भावाला ऐन उमेदीत झटका आला त्यांनी आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. धावताना छातीवर दगड ठेवल्यासारखे झाले, कळ जबड्यात किंवा डाव्या हातात गेली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर लगेच थांबा. "पित्त झाले असेल" म्हणून सोडा पिऊन झोपू नका, तडक दवाखाना गाठा. ताप असताना धावू नका. चैत्र-वैशाखात ऊन चढायच्या आत घरी या. उन्हात कोणी धावता-धावता बरळू लागला, अंग तापलेले लागले, तर त्याला सावलीत घेऊन भरपूर गार पाणी अंगावर ओता आणि मग दवाखान्यात हलवा.

आपली प्रगती पाहायला यंत्र लागत नाही. सकाळी जाग आल्यावर अंथरुणातच उताणे पडून मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटे ठेवा आणि घड्याळ पाहून पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत जिथे दुधाचा हिशेब लिहिता, त्याच चौकटीत तो आकडा लिहून ठेवा. मग दीड-दोन महिने नेमाने चाला-धावा आणि तसेच पडल्या-पडल्या पुन्हा मोजा.